मदत हवी आहे : पर्पेतुआच्या स्वप्नातल्या घासाला काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. ख्रिस्ती श्रद्धेपायी जीव गमावलेल्या, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या पर्पेतुआने तुरुंगात लिहिलेली टिपणं मराठीत आणतेय. साल इ.स. 203, वय साधारण 22, अंगावर पिणारं बाळ. श्रद्धा सोड म्हणून वडील विनवायला येतात, तेव्हा ती तिथलं एक भांडं दाखवून विचारते, याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का? तसंच मलाही ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणवता येणार नाही. इथवर मराठी सहज आलं.

अडलंय ते स्वप्नापाशी. अजगराच्या डोक्यावर पाय देऊन ती शिडी चढते. वर पांढऱ्या केसांचा मेंढपाळ धार काढत बसलेला. तो एक घास देतो, ती ओंजळीत घेऊन खाते आणि जाग येते तेव्हा तोंडात गोडवा. लॅटिन शब्द 'कासेउस', म्हणजे चीज. पण चीज म्हटलं की डोळ्यांपुढे सँडविच! पनीर भाजीतलं वाटतं. खरवस कानाला गोड, पण तो चिकाचा, चालेल का?

दुसरं, तिला 'हुतात्मा' म्हणू का? इंग्रजीतल्या 'मार्टर'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'साक्षीदार', आणि हुतात्मा म्हटलं की आपल्याला फ्लोरा फाउंटन आठवतं. चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करणाऱ्यांनी तुमच्याकडचा रुळलेला शब्द सांगाल का? 7 मार्चला तिचा स्मृतिदिन, त्याआधी वाचून दाखवायचंय.