समाजकार्यात दृष्टिहीन सहकारी: आपले अनुभव लिहावेत

रानजाई:
गेल्या आठवड्यात आमच्या संस्थेत समुपदेशक पदासाठी मुलाखती झाल्या. पांढरी काठी घेऊन आलेल्या उमेदवाराला पहिलाच प्रश्न विचारला गेला, "तुम्ही गृहभेट कशी करणार?" तो ऐकताच मला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या) वर्गातली माझी अंध मैत्रीण आठवली. क्षेत्रकार्यासाठी नेमलेल्या संस्थेने तिला वस्तीत पाठवणे टाळले, वर्षभर दूरध्वनी घ्यायला बसवले आणि मूल्यमापनात मात्र "गृहभेटींचा अनुभव अपुरा" असा शेरा मारला. अंध व्यक्ती लाभार्थी म्हणून आली तर आपल्या क्षेत्राला तिचे काय करायचे ते ठाऊक असते. ती सहकारी म्हणून आली की आपण गोंधळतो. हे बदलायला कुठे काय करता आले, ते कृपया लिहावे.

कोयनाकाठ:
मी जन्मांध आहे आणि कुटुंब समुपदेशनाचे काम करते. नव्या वस्तीत सुरुवातीला आशाताई किंवा बचत गटातली एखादी बाई सोबत येते. रस्ता पाठ झाला की मी एकटी जाते. "अंधांचे कान तीक्ष्ण असतात" असे लोक कौतुकाने म्हणतात, पण माझे कान इतरांसारखेच आहेत. फरक एवढाच की, डोळस कार्यकर्ता घरावरून नजर फिरवून अंदाज बांधतो आणि मला ती सोय नसल्यामुळे रात्री कोण कुठे झोपते, पाणी कोण भरते, दाराला आतून कडी आहे का, हे मी विचारते. या साध्या प्रश्नांची उत्तरे देता देता बायका पुष्कळदा मारहाणीच्या गोष्टीपर्यंत आपणहून येतात. अंगावरचे वळ मला दिसत नाहीत, म्हणून दुखापतीविषयी मी स्पष्ट विचारते आणि गरज असल्यास वैद्यकीय तपासणीला सोबत जाते.
माझी खरी अडचण फायलींची होती. हस्तलिखित नोंदी दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या, तर ज्या बाईने विश्वासाने सगळे सांगितले तिची गोपनीयता कशी राखायची? नोंदी संगणकावर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, येऊ लागल्यापासून मी त्या इयरफोन लावून स्वतः वाचते. ही सोय माझ्याइतकीच त्या बाईच्याही हक्काची आहे, असे मी मानते.

पिंपळपार:
ताई, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मराठी नीट वाचतो का? आमच्याकडे एक विद्यार्थी येणार आहे.

कोयनाकाठ:
हो, वाचतो. तो मोफत आहे आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या मजकुराचे बोलण्यात रूपांतर करणाऱ्या प्रणालीत मराठी आवाज आहे. उच्चार थोडे यांत्रिक वाटतात, पण सवय होते. मात्र कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर त्याला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो आणि परिपत्रक छायाचित्रासारखे स्कॅन केलेले असेल, तर आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर, करावे लागते.

निरंजनवात:
अल्पदृष्टीविषयीही लिहायला हवे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 च्या खाली (म्हणजे इतरांना 18 मीटरवरून दिसते ते 6 मीटरवरूनही नीट दिसत नसेल) असेल, तर ती अल्पदृष्टीत मोडू शकते. माझ्या हातात काठी नसते, मी मोठ्या अक्षरातले वाचतो, त्यामुळे संध्याकाळच्या गृहभेटी नाकारल्या की सहकाऱ्यांना तो कामचुकारपणा वाटायचा. मला हव्या होत्या त्या गोष्टी अगदी लहान होत्या: उजेडातल्या भेटी, फिकट कार्बन प्रतींऐवजी ठळक छपाई आणि बैठकीत फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवणे.

पिंपळपार:
मी क्षेत्रकार्याचा पर्यवेक्षक आहे. ग्रामीण सहभागी मूल्यांकनात, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या गावाची माहिती मांडण्याच्या पद्धतीत, गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढतात. आमच्या गटात अंध विद्यार्थिनी आली, तेव्हा रस्त्यांसाठी सुतळी, घरांसाठी खडे आणि विहिरींसाठी बांगड्या वापरल्या. ती नकाशावर हात फिरवत प्रश्न विचारू लागली, तशा कडेला उभ्या असलेल्या वृद्ध स्त्रियाही खाली बसून खडे हलवू लागल्या आणि दलित वस्तीपासून पाण्याचे अंतर किती, यावर तिथेच चर्चा झाली. आता प्रत्येक तुकडीला आम्ही नकाशा असाच करायला सांगतो.

भीमाकाठ:
याच 2016 च्या कायद्याविषयी थोडेसे. सरकारी आस्थापनांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनांनी वाजवी सुविधा द्यायच्या आहेत आणि कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. अनेक स्वयंसेवी संस्थांना हे कलम आपल्यालाही लागू आहे, याची कल्पनाच नसते. मुलाखतीला बोलावतानाच "आपल्याला कोणत्या सुविधा लागतील?" असे विचारावे.

निरंजनवात:
आणि कॅप्चाचे काय? निराधार योजनेचा अर्ज मी दुसऱ्यासाठी ऑनलाइन भरायला बसतो आणि चित्रातली अक्षरे ओळखण्यापाशी अडकतो.

भीमाकाठ:
एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तो निकाल ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) संदर्भातला असला, तरी तक्रार करताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. त्या उमेदवाराची निवड झाली आहे आणि ते पुढच्या महिन्यात रुजू होतील. आमचा गृहभेटीचा अर्ज सध्या रकान्यांच्या तक्त्यात आहे. कोयनाकाठ, तुमच्या केंद्रात तो कोणत्या स्वरूपात ठेवला आहे?

कोयनाकाठ:
तक्ता काढून टाकून एका खाली एक प्रश्न आणि प्रत्येक भागाला वर्डमधली मथळ्याची शैली, एवढेच केले आहे. व्यक्तींची माहिती नसलेला कोरा नमुना आज रात्री पाठवते.