मदत हवी आहे: वरच्या मजल्यावरचा मुलगा मोबाईलवरून आमचं वायफाय आणि फोन हॅक करू शकतो का?

तळमजला:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण आता हे नुसत्या वायफायचं राहिलेलं नाहीये.

आम्ही डोंबिवलीला राहतो, जुनी बिल्डिंग, सगळे एकमेकांच्या घरी जाणारे-येणारे. वरच्या मजल्यावर एक मुलगा आहे, यंदा अकरावीला, कॉम्प्युटरचं भारी वेड. गणपतीत सगळे खाली बसलेलो असताना त्याने मोबाईलवर एक अ‍ॅप दाखवलं, त्यात घरच्या वायफायला काय काय जोडलंय त्याची यादी येते, टीव्ही, आईचा फोन, प्रिंटर वगैरे. मग कुणीतरी म्हणालं आमचं दिसतं का रे, तर त्याने बिल्डिंगमधल्या सगळ्या वायफायची नावं काढून दाखवली आणि मला म्हणाला काकू, तुमचा पासवर्ड मला माहितीये, आणि खरंच बरोबर सांगितला! सगळ्यांनी तेव्हा कौतुक केलं.

त्यानंतर काही दिवसांनी बाजूच्या विंगमधल्या एका काकांच्या खात्यातून पैसे गेले. रक्कम मोठी आहे, निवृत्तीचे पैसे होते. आणि आता सगळी बिल्डिंग त्या मुलाकडे बोट दाखवतेय. म्हणे तो वायफायमधून सगळ्यांच्या फोनमध्ये शिरतो, ओटीपी वाचतो, कॅमेरा चालू करतो. त्याची आई काल जिन्यात भेटली तर रडायलाच लागली. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, त्याचं नाव देऊन पोलिसात तक्रार करायची असं दोघातिघांनी ठरवूनच टाकलंय.

आमच्या घरात वेगळंच. सासऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड आला की *#२१# आणि *#६२# डायल करा, फोन हॅक असेल तर कळेल. त्यांनी केलं आणि दुसऱ्या कोडला स्क्रीनवर एक अनोळखी नंबर आला. तेव्हापासून ते रात्री फोन बंद करून कपाटात ठेवतात, पेन्शन आली का बघायलासुद्धा बँकेत चालत जातात, गुडघे दुखतात तरी. मिस्टरांनी राऊटरच्या सेटिंगचं पान उघडून बघितलं तर त्यातपण नाव नसलेली तीन-चार डिव्हाइस दिसतायत, नुसते आकडे आणि अक्षरं. आता मला पण झोप लागत नाहीये.

मला खरं काय ते सांगा. फोनवरून हे असं करता येतं का? नसेल येत तर रविवारी लोकांना पटेल असं कसं सांगू? आणि येत असेल तर आम्ही काय करायचं?

लॅनची_तार:

ताई, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. पासवर्ड कुणी ठेवला होता? आणि तो तुमच्यापैकी कुणाचा मोबाईल नंबर होता का?

तळमजला:

अहो हो! मिस्टरांचा नंबर आहे. इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने स्वतःच टाकला, म्हणाला लक्षात राहील. तुम्हाला कसं कळलं?

लॅनची_तार:

कारण मी याच कामात आहे आणि दहातल्या निम्म्या घरात हेच बघतो. नंबर नाहीतर आडनाव@१२३, नाहीतर १ ते ८ ओळीने. जोडणी करणाऱ्या पोरांना दिवसाला खूप घरं उरकायची असतात, त्यांना दोष देऊन काय उपयोग, पण त्यांनी गेल्यावर पासवर्ड बदलायचा असतो हे कुणी सांगतच नाही. तुमच्या मिस्टरांचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहे, मुलाने तो टाकून बघितला असणार, लागला. त्याला हॅकिंग म्हणत नाहीत. अर्थात दुसऱ्याच्या वायफायला न विचारता जोडणं चूकच, हे त्याला घरच्यांनी नीट समजावलं पाहिजे.

आता फोनचं. प्ले स्टोअरवर "वायफाय हॅकर" नावाची ढीगभर अ‍ॅप आहेत. बरीचशी निव्वळ खोटी, हिरवी अक्षरं पळवतात आणि मनाला येईल तो पासवर्ड दाखवतात, मध्ये जाहिराती. काही अ‍ॅप लोकांनी स्वतःहून शेअर केलेले पासवर्ड दाखवतात, हॉटेल कॅफेचे वगैरे. आणि काही डब्ल्यूपीएसचा पिन लावून बघतात. राऊटरवर पासवर्ड न टाकता जोडायचं डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं ना, त्यामागे ८ आकडी पिन असतो. २०११ च्या शेवटी उघड झालं की राऊटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे कोट्यवधी नाही तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे खरं भोक होतं. पण नवीन राऊटर चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप लावतात आणि अँड्रॉइडनेही ९ व्या आवृत्तीपासून ही सोय काढून टाकली, त्यामुळे आजच्या साध्या फोनवर ती अ‍ॅप चालत नाहीत. तरी डब्ल्यूपीएस बंदच करा.

वायफायचा पासवर्ड खरोखर तोडायचा तर फोन आणि राऊटर जोडले जाताना जी देवाणघेवाण होते ती हवेतून पकडावी लागते. त्यासाठी वायफायच्या चिपला एका खास मोडमध्ये टाकावं लागतं आणि बाजारातल्या बहुतेक फोनमध्ये ते होत नाही. रूट केलेला (म्हणजे कंपनीची बंधनं काढून टाकलेला) ठराविक फोन किंवा बाहेरून जोडायचं वेगळं अ‍ॅडाप्टर आणि लॅपटॉप लागतो. पकडल्यावर मग कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून बघायचा. इथे मात्र मोबाईल नंबर हा फार वाईट पासवर्ड आहे बघा. १० आकडी, पहिला आकडा ६ ते ९ यातलाच, म्हणजे ४०० कोटी शक्यता. ऐकायला खूप वाटतात पण चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीला हे काही तासांचं काम. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहून मध्ये एखादा आकडा टाकलात तर तोच पीसी आयुष्यभर बसला तरी पुरणार नाही.

तळमजला:

बरं, पण समजा तो आमच्या वायफायला जोडलाच होता. मग ओटीपी, बँक, व्हॉट्सअ‍ॅप हे दिसत होतं का त्याला? लोकांचा मुद्दा तोच आहे.

लॅनची_तार:

नाही. ओटीपीचा मेसेज सहसा मोबाईलच्या टॉवरवरून येतो, आणि वायफाय कॉलिंगमुळे वायफायवरून आला तरी तो बंदिस्तच असतो. बँकेचं अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर फोनमधूनच बंदिस्त होऊन निघतो, वायफाय ही फक्त वाट. एकाच एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला तुमच्या बॅगेतलं पाकीट दिसत नाही, तसं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज तर २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद असतात. कॅमेरा चालू करणं वगैरे नुसतं वायफायला जोडून होत नाही, त्यासाठी तुमच्या फोनमध्ये काहीतरी घुसवावं लागतं.

एकाच वायफायवर असलेल्याला काय जमतं ते पण प्रामाणिकपणे सांगतो. कोणकोणती डिव्हाइस आहेत ते दिसतं, तुमचा डेटा वापरता येतो, टीव्हीवर व्हिडिओ लावता येतो. आणि राऊटरच्या पानाला admin-admin असाच पासवर्ड असेल तर आत शिरून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बदलता येतो, म्हणजे तुम्ही एक साइट टाकली तर भलतीकडे नेणं. तेव्हासुद्धा बँकेच्या साइटवर ब्राऊझर लाल इशारा देतो, तो दिसला की पुढे जायचं नाही. म्हणून राऊटरच्या पानाचा पासवर्ड हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा आणि डीएनएस "आपोआप" (ऑटो) या पर्यायावर आहे ना तेवढं बघा.

नाव नसलेल्या डिव्हाइसचं घाबरू नका. २०१९-२० पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता (डिव्हाइसचा ओळख क्रमांक) न देता बनावट पत्ता देतात, पाळत ठेवता येऊ नये म्हणून. ओळखायची खूण सोपी. त्या लांब पत्त्यातलं दुसरं अक्षर बघा, ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनावट आहे, आणि घरगुती यादीत बहुतेक वेळा असा पत्ता कुणाच्या तरी फोनचाच असतो. मग फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन पत्ता जुळवायचा.

पासबुक:

मी बँकेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. ताई, मला त्या काकांची जास्त काळजी वाटतेय. सगळे त्या पोराच्या मागे लागलेत आणि मूळ गोष्ट तशीच राहिली. त्यांनी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन केला का? cybercrime.gov.in वर तक्रार? ती केल्यावर पैसे ज्या खात्यात गेले तिथे अडवता येतात, पण जितका उशीर तितकी आशा कमी, चोर लगेच पुढच्या खात्यात फिरवतात.

आणि त्यांना शांतपणे, दोष न देता विचारा, फोनवर काही फाईल आली होती का. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन, बँकेचं केवायसी, वीजबिल असं काहीतरी नाव आणि शेवटी .apk, म्हणजे ती खरी अँड्रॉइडचं अ‍ॅप टाकायची फाईल. ती उघडून इन्स्टॉल झाली की मेसेज वाचायची परवानगी मागते, माणूस होय होय करत जातो आणि मग ओटीपी सरळ चोराकडे. किंवा "मदत करतो" म्हणून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतात. माझ्या बघण्यात आलेली प्रकरणं याच दोन वाटांनी गेलेली होती, शेजाऱ्याच्या वायफायने गेलेलं एकही नाही. आणि हो, ती फाईल सापडली तर पुसू नका, तक्रारीत दाखवायला लागेल. फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका.

तुमच्या सासऱ्यांना सांगा, ते कोड हॅकिंग दाखवतच नाहीत. *#२१# म्हणजे सगळे कॉल दुसरीकडे वळवलेत का, आणि *#६२# म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कुठे जातात. तिथे बऱ्याचदा कंपनीचाच व्हॉइसमेल किंवा मिस्ड कॉल कळवणारा नंबर असतो. कस्टमर केअरला विचारून खात्री करा. नाही पटलं तर ##००२# डायल केलं की सगळं वळवणं रद्द होतं. अर्थात कॉल वळवून फसवणूक होत होती हेही खरं, *४०१* पुढे एखादा नंबर डायल करायला लावायचे, म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही कोडने वळवायची सोय बंद करायला लावली. आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून त्यांनाच बघू द्या, अनोळखी काही नसेल तर निम्मी भीती तिथेच जाईल.

खाडीपलीकडे:

सगळं मान्य, पण "वायफायने काही होत नाही" असं मीटिंगमध्ये सांगू नका हां. २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी जो ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता. त्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण चौकशी त्याच्या घरी आली ना. पुढे माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरूनपण तसाच मेल गेला. पैसे चोरायला नाही, पण तुमच्या नावावर कुणी काही करून गेलं तर आधी तुमचं दार वाजतं. त्यासाठी पासवर्ड नीट हवा.

उंबरठा:

माझं मत, मुलाचं नाव तक्रारीत अजिबात घालू देऊ नका. पुरावा नसताना अल्पवयीन पोराचं नाव लिहायचं आणि उद्या काही निघालं नाही तर ते नाव कोण पुसणार? काकांनी तक्रार स्वतःच्या व्यवहाराची करायची, कुठल्या खात्यात, किती वाजता, किती. कुणी केलं ते शोधणं पोलिसांचं काम.

तळमजला:

सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते लिहिते.

शनिवारी संध्याकाळी मी आणि मिस्टर त्या काकांकडे गेलो. आधी ते काही बोलायलाच तयार नव्हते, काकूंनी आग्रह केला तेव्हा फोन दिला. डाऊनलोडमध्ये चलनाच्या नावाची .apk फाईल होती, पैसे गेले त्याच्या आदल्या रात्रीची. काकांकडे स्कूटर आहे, त्यांना खरंच वाटलं दंड आलाय. त्यांनी १९३० ला अजून फोनच केला नव्हता कारण सगळे म्हणत होते चोर बिल्डिंगमधलाच आहे. आम्ही तिथेच बसून तक्रार नोंदवली, पैशांचं काय होईल माहीत नाही.

मीटिंगमध्ये काकांनीच उभं राहून सांगितलं की मला फाईल आली होती, या मुलाचा काही संबंध नाही. मला नाही वाटत दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोक गप्प बसले असते. मुलाच्या वडिलांनी तो आमच्या वायफायला जोडला होता याबद्दल आमची माफी मागितली, मुलानेपण मागितली. मिस्टर म्हणाले आता तूच पासवर्ड बदलून दे, तर म्हणाला नाही काकू, तुम्ही टाका, मी तोंड फिरवून उभा राहतो. डब्ल्यूपीएस त्याने शोधून बंद करून दिलं.

राऊटरमधल्या अनोळखी डिव्हाइसपैकी दोन आमचे स्वतःचे फोन निघाले, दुसरं अक्षर ई आणि ए, अगदी तुम्ही सांगितलं तसं. एक सेट टॉप बॉक्स. राहिलेलं एक पासवर्ड बदलल्यावर परत आलंच नाही, ते त्या मुलाचंच असणार. सासऱ्यांचा तो *#६२# चा नंबर कस्टमर केअरने कंपनीचाच आहे असं सांगितलं. ते अजून पूर्ण मोकळे झाले नाहीयेत, पण फोन कपाटातून बाहेर आलाय.

एक शेवटचं विचारते. राऊटरमध्ये वायफायची सुरक्षा (कुलूपाचा प्रकार) डब्ल्यूपीए२ वर आहे, डब्ल्यूपीए३ पण दिसतंय, ते केलं तर प्रिंटर जोडला जात नाही. काय ठेवू?

लॅनची_तार:

दोन्ही मिळून असा पर्याय असेल तर तो ठेवा, नाहीतर डब्ल्यूपीए२ आणि एईएस, लांब पासवर्ड असेल तर घराला पुरेसं आहे. टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी हे जुने प्रकार दिसले तर ते नकोत, डब्ल्यूईपी तर २००१ लाच मोडलेलं आहे. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं चालू करा, त्याचा पासवर्ड दारामागे कागदावर लावला तरी चालेल. आणि काकांना सांगा नेटबँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला, त्यांचा फोन तक्रारीचं काम झालं की फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय बँकेला वापरायचा नाही.