मदत हवी आहे - नावाचं स्पेलिंग, पीएफ अडकलाय

नमस्कार मंडळी, मी धुळ्याचा, नाव ज्ञानेश्वर. दहावीच्या सर्टिफिकेटवर अन् आधारवर इंग्रजीत डी-एन-वाय ने सुरू होतं, जसं आपल्याकडे सगळे लिहितात. पण सुरतला ४ वर्षं कामाला होतो, तिथे सगळे ग्यानेश्वरभाई म्हणायचे आणि हिशोबवाल्याने पीएफला पण जी-वाय लावूनच नाव टाकलं, मी तेव्हा बघितलंच नाही (चूक माझीच). आता पैसे काढायला गेलो तर आधारशी नाव जुळत नाही म्हणून केवायसीच होत नाहीये.

तसं उच्चाराचं मला काही वाटत नाही. आमची आजी अहिराणीत जळगावला जयगाव म्हणते, डोळ्याला डोया, आणि मला ग्यान्या, ते तर गोडच वाटतं. पण कॉम्प्युटरला कोण समजावणार की ज्ञ एकच आहे, पुण्यात द्न्य वाचा नाहीतर सुरतला ग्य!

जॉइंट डिक्लेरेशन (पीएफमधलं नाव दुरुस्त करायचा अर्ज) भरायचं असतं एवढं कळलंय, पण ते कंपनीकडून पण मंजूर व्हावं लागतं आणि तो कारखाना आता बंद आहे, मालक फोन उचलत नाही. मग सही कोणाची चालते? एकजण म्हणे आधारच बदलून टाक, पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि मग दहावीचं सर्टिफिकेट जुळणार नाही, म्हणजे ते उलटंच होईल ना भाऊ? राजपत्रात नाव छापून घ्यावं लागेल का, की एवढ्यासाठी गरज नाही? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज, बहिणीचं लग्न तोंडावर आहे.