चोरला घाटात गिअर अडकला, पी०७०० कोड आलाय

खानापूरकर: काल गोव्याहून येताना चोरला घाटात चेक इंजिनचा दिवा लागला आणि ऑटोमॅटिक गाडी तिसऱ्याच गिअरला अडकून बसली, बेळगावपर्यंत कशीबशी आणली. स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) फक्त पी०७००. मेकॅनिक म्हणतोय गिअरबॉक्सच उतरवायचा. खरंच गरज हाय काय?

टिळकवाडीकर: दादा, इतक्यात उतरवू देऊ नको. पी०७०० म्हणजे नुसती वर्दी, की गिअरबॉक्सच्या कंप्युटरनं स्वतःकडे दुसरा कोड लिहून ठेवलाय. स्वस्तातले स्कॅनर इंजिनचंच वाचतात, टीसीएम, म्हणजे तो गिअरबॉक्सचा कंप्युटर, वाचणारा बघ की. पी०७४१ निघाला तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) क्लच लागत नाही, पी०७११ असला तर गिअरबॉक्स ऑइलच्या तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर. आणि कोड वाचायच्या आधी पुसू नको, माझ्या भावाचं तसंच झालं, परत घाट चढेपर्यंत काही सापडेना.

निपाणीचा: गिअरबॉक्सचं ऑइलपण बघा, थेंब पांढऱ्या कापडावर घ्या, काळपट आणि करपट वास आला तर क्लच जळलेत. बॅटरी कमजोर असली तरी असले कोड येतात, आधी ती तपासा.

खानापूरकर: बॅटरी चार वर्षांची हाय, सकाळी पहिलं तेच करतो.