हेडफोनच्या जॅकवर चालणारी तपासणी

"फोनला जोडून गुप्तरोगाची तपासणी म्हणजे नुसती जाहिरातबाजी" असं काही जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या सॅम्युएल सिया यांच्या चमूने असं यंत्र रवांडात ९६ रुग्णांवर वापरून पाहिलं, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. बोटाला टोचून थेंबभर रक्त, १५ मिनिटांत एचआयव्ही आणि सिफिलिस (उपदंश) दोन्हींचा निकाल. गंमत म्हणजे रक्त ओढणाऱ्या पंपाला वीजच लागत नाही. रबरी फुगा अंगठ्याने दाबायचा, त्या ओढीने रक्त तपासणीच्या छोट्या प्लास्टिक कॅसेटमधून सरकतं. बाकीच्या कामाला लागणारी वीज फोनच्या हेडफोन जॅकमधून. (आता बऱ्याच नव्या फोनांना जॅकच नसतो, ते सोडा!) यंत्र बनवायला तेव्हा ३४ डॉलर लागत. खोटे पॉझिटिव्ह निघालेच, पक्क्या निदानाला प्रयोगशाळा हवीच. पण सिफिलिस असलेल्या गरोदर बाईला त्याच फेरीत पेनिसिलिन टोचता आलं, तर तिला पुन्हा बोलवावं लागत नाही.