फास्ट गाडी सोडून स्लोने जाते आहे. पॅनिकची गोळी सुरू करू की नको?

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी. वय ३७, राहायला भांडुप, नोकरी फोर्टात अकाउंट्समध्ये. गेल्या पावसाळ्यात कुर्ला आणि दादरच्या मध्ये फास्ट गाडी बराच वेळ उभी राहिली आणि मला अचानक घाम फुटला. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि आपण आता मरणार याची अगदी खात्री. डब्यातल्या बायकांनी वारा घातला, दादरला धरून उतरवलं. इसीजी, टूडी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल निघालं. हार्टवाले डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे.

त्यानंतर तसं पुन्हा पुन्हा होत राहिलं. गाडीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर घरी टीव्ही बघता बघता. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.२५ दिली, ‘वाटलं तर घ्या’ म्हणून. शेवटी एका मैत्रिणीने सायकियाट्रिस्टकडे नेलं. त्यांनी पॅनिक डिसऑर्डर सांगितला, एस्सिटालोप्राम ५ मिलीग्रॅमपासून सुरू करा म्हणाले आणि सोबत सीबीटी थेरपी (घाबरवणारे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी) घ्या म्हणाले. ती चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे.

कारण नवरा म्हणतो, या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. तो वाईट नाही हो, घाबरलाय. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, देवाचं नाव घे. दरम्यान मी माझ्यापुरती सोय करून घेतली आहे: लवकर निघते, स्लो गाडी पकडते (दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येतं, उतरता येतं), दाराजवळ उभी राहते, पाण्याची बाटली आणि अल्प्राझोलमची स्ट्रिप हाताशी ठेवते. असं केलं की बरं वाटतं. मग गोळी खरंच हवी का? थेरपीने काय होतं? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

पहाटे_उठा

ताई, गोळ्यांच्या नादी लागू नका. कपालभाती आणि भस्त्रिका रोज करा, चहा बंद करा. सगळे मनाचे खेळ आहेत.

निवृत्त_कंडक्टर

ताई, मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, आता रिटायर. गोळीचं नंतर बोलू. तुमचा तो शेवटचा परिच्छेद, ज्याला तुम्ही सोय म्हणता, आजार तिथे वाढतोय.

माझं वाशीच्या खाडीपुलावर सुरू झालं. मानखुर्द सुटलं की बस पुलावर चढते आणि मध्ये स्टॉप नाही. खचाखच गाडी, मी पॅसेजमध्ये अडकलेला, एका हातात पंच, दुसऱ्यात तिकिटांचा डबा, आणि बोटं अशी आखडली की गड्डीतून तिकीट सुटेना. समोरचा ओरडतोय, ‘मास्तर, एक वाशी’, आणि त्याचा आवाज लांबून कुठून तरी येतोय. पंच खाली पडला. एका शाळेच्या पोराने उचलून माझ्या खिशात घातला.

मग काय, स्टार्टर (डेपोतून गाड्या सोडणारा) ओळखीचा, त्याला सांगून पुलाचा रूट बदलून घेतला. काही दिवस मजेत गेले. नंतर सायनच्या सिग्नलला ट्रॅफिकमध्ये तसंच झालं, तर तोही रूट नको झाला. मग डबलडेकरचा वरचा मजला नको. मग भरलेली गाडीच नको. एक एक करत सगळं सोडलं आणि शेवटी डेपोतल्या बसून करायच्या कामासाठी हातापाया पडायला लागलो. लक्षात घ्या, प्रत्येक वेळी टाळलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटकेनेच भीती खरी ठरायची. पुलावर नव्हतो म्हणून वाचलो, असं डोकं धरून बसतं. तुम्हाला आज स्लो गाडी पुरते आहे. उद्या स्लोचीही भीती वाटेल, मग रिक्षा, मग वर्क फ्रॉम होमचा अर्ज. या रस्त्याला पुढे अगोराफोबिया असं नाव आहे, म्हणजे जिथून पटकन सुटता येणार नाही अशा जागांचीच भीती. मी त्याच्या दारापर्यंत जाऊन आलोय.

केईएमच्या ओपीडीत एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते सांगतो. आमच्या चाळीखाली उभ्या असलेल्या गाडीवर मांजराने उडी मारली की अलार्म बोंबलतो. चोर नसतो, पण अलार्म खराच वाजत असतो. पॅनिकमध्ये तसंच. अ‍ॅड्रेनलिन खरं सुटतं, धडधड खरी असते. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना हे कळत नाही. मुंग्यांचंही कारण आहे: घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटं बधिर होतात आणि डोकं हलकं होतं. ऑक्सिजन कमी पडत नसतो, उलट श्वास जास्त होत असतो. आणि हा झटका साधारण १० मिनिटांत टोकाला जातो, मग आपोआप उतरायला लागतो. तुम्ही खाली उतरलात म्हणून तो थांबत नाही. तो थांबणारच असतो.

(पहाटे_उठा साहेब, अनुलोम-विलोम मीही करतो. पण ज्याला झटका आलाय त्याला भस्त्रिका करायला सांगाल तर तो आणखी भराभर श्वास घेईल. उलटा कारभार. चहा कमी करण्याचं मात्र बरोबर बोललात, कॅफिनने धडधड वाढते.)

आता थेरपी. मला वाटलं होतं, बसवून लहानपणीचं विचारतील. तर त्यांनी मला फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि गरगर फिरवलं. मग उभं करून तोंडाने धापा टाकायला लावल्या. मग जिना धावत वर-खाली. डोकं गरगरलं, छाती धडधडली, मुंग्या आल्या, अगदी पुलावरच्यासारख्या. ‘आता काय होतंय? मरताय का?’ विचारलं. नाही. ‘मग बसून राहा, उतरू द्या.’ उतरलं. पुन्हा खुर्ची. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, गरगर फिरायला केसपेपर काढलास? जत्रेत पाळणा होता की.

पण त्यातून शरीराला कळलं की धडधडीने माणूस मरत नाही. नंतर भीतीची यादी करायला लावली, सोपी खाली, अवघड वर. सगळ्यात खाली: बायकोबरोबर पॅसेंजर म्हणून मानखुर्दपर्यंत. सगळ्यात वर: संध्याकाळच्या गर्दीत ड्यूटीवर पूल. प्रत्येक पायरीवर एकच नियम, भीती उतरेपर्यंत उतरायचं नाही. आणि हळूहळू हातातल्या काठ्या सोडायच्या. तुमची बाटली, ती स्ट्रिप, दाराजवळची जागा, या सगळ्या काठ्या आहेत. एका दिवसात टाकू नका, पण थेरपिस्टला त्यांची यादी जरूर द्या.

गोळी मीही घेतली, तुमच्याच गटातली. नाव सांगत नाही, लोक नाव वाचून थेट मेडिकलमध्ये जातात. सुरुवातीला मळमळलं, झोप उडाली, धडधड जास्तच वाटायला लागली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो. बरेच जण याच टप्प्यावर सोडून देतात आणि ‘गोळी सोसली नाही’ म्हणतात. दोन ते चार आठवड्यांनी फरक पडायला लागतो, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. बरं वाटायला लागलं तरी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. माझी तशीच बंद झाली. गोळीने काय केलं? पुलावर चढायची ताकद दिली. पूल मलाच पार करावा लागला.

यजमानांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या. सासूबाईंशी वाद घालू नका. देवाचं नाव घेऊनही गोळी घेता येते.

औषधवाला_मुलुंड

मी मेडिकल चालवतो. काका बरोबर बोलले, फक्त दोन गोळ्यांतला फरक सांगतो, कारण तुमचे मिस्टर ज्याला घाबरतात ती गोळी दुसरी आहे.

अल्प्राझोलम थोड्या वेळात शांत करते, म्हणूनच तिची सवय लागते. काही आठवडे रोज घेतली की शरीर तिच्यावर अवलंबून राहायला लागतं, आणि मग अचानक बंद केली तर त्रास होतो, कधी फिटसुद्धा येते. १ मार्च २०१४ पासून ती शेड्यूल एच-१ मध्ये आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंट आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तरी रोज कुणीतरी येतंच, ‘मागच्या वेळचीच आहे, द्या ना’. तुम्ही ती आतापर्यंत किती वेळा घेतली ते सायकियाट्रिस्टना खरं सांगा. दारूबरोबर चुकूनही नाही.

एस्सिटालोप्राम एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी. तिची तशी नशा नाही, तलफ नाही. पण तीही एकदम तोडायची नाही, चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. डोकेदुखीसाठी वारंवार आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, सोबत घेतल्यावर रक्तस्रावाची शक्यता वाढते. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही आधी सांगा.

खिडकीची_सीट

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. फिरत्या खुर्चीवर तो हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला शनिवारी येतो तुझ्याबरोबर.

आता व्यवहाराचं विचारते. डॉक्टरांच्या ओळखीतल्या थेरपिस्ट एका सेशनचे जेवढे घेतात तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा होतो. शिवाय त्या इंग्रजीत बोलतात, आणि मला घाबरायला मराठीतच येतं. दुसरीकडे कुठे सोय आहे? आणि हे ऑफिसला किंवा मेडिक्लेमवाल्यांना कळतं का?

सोशल_वर्कर_परळ

मी याच क्षेत्रात काम करते. भांडुपहून ठाणे तुम्हाला जवळ. तिथे आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, काम बरंचसं मराठीतून चालतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची आणि जेजे हे सरकारी, सगळीकडे सायकियाट्री ओपीडी आहे, खर्च खासगीच्या मानाने नगण्य. गर्दी असते आणि डॉक्टर बदलतात, हे आधीच धरून चला. जुनी चिठ्ठी आणि रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

खासगीत गेलात तर ‘काउन्सेलर’ ही पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात लाज नाही. आणि सरळ विचारा: पॅनिकसाठी एक्सपोझर (भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं) करून घेता का? नुसतं ऐकून घेणाऱ्यांकडे मन मोकळं होईल, पण काकांची खुर्ची मिळणार नाही. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. जीव नकोसा वाटण्यापर्यंत कधी गेलं तर ओपीडीची वाट न बघता तिथे फोन करा किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत जा. आणि छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, किंवा चालताना-चढताना दुखायला लागलं, तर ते पॅनिकच आहे असं स्वतःच ठरवू नका.

ऑफिसला तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर काही सांगू शकत नाहीत, मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पण खूप आशा ठेवू नका, बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झालात तरच पैसे देतात, ओपीडी आणि थेरपी आपल्याच खिशातून. पॉलिसी नवी घेताना किंवा बदलताना आजार लपवू नका, नंतर क्लेम अडकतो.

खिडकीची_सीट

सगळ्यांचे आभार. आज गोळी आणली. आता बावळट प्रश्न: सकाळी घ्यायची की रात्री? चिठ्ठीवर नुसतं १ लिहिलंय.

औषधवाला_मुलुंड

बावळट नाही, रोज विचारतात. डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करून एकदा पक्कं करा. साधारणपणे झोप उडत असेल तर सकाळी देतात, पेंग येत असेल तर रात्री. मळमळत असेल तर जेवणानंतर. वेळ रोज एकच ठेवा, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.