विश स्पेल टाकला की डीएमने शब्दात पकडायलाच हवं का?

धागाकर्ता:
परवाच्या सेशनपासून डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळवायचा गोष्टीचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. डीएम म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट आणि नियम चालवणारा; विश म्हणजे इच्छा मागायचा स्पेल, म्हणजे मंत्र. आमच्या फायटरवर (लढवय्या पात्र) डिसइंटिग्रेट हा भस्म करणारा स्पेल पडला, झिरो हिट पॉइंट (जिवाचे गुण), गडी राख. त्या स्पेलमध्येच स्पष्ट लिहिलंय की असा मेलेला फक्त ट्रू रेझरेक्शन (मेलेल्याला उठवणारा स्पेल) नाहीतर विशनेच परत येतो. आमचा विझार्ड (जादूगार) १७व्या लेव्हलचा, विश होताच, त्याने साधं म्हटलं 'आमचा गडी जिवंत होऊन परत येऊ दे'. डीएम म्हणे आला, पण तान्हं बाळ म्हणून, वय कुठे सांगितलं होतंत! वर विशचा ताण (स्पेल टाकणाऱ्याला बसणारा फटका) लावला, विझार्डची स्ट्रेंग्थ (ताकद) ३, आणि ३३ टक्केवाला फासा नेमका उलटा पडला, म्हणजे त्याला आता कधीच विश टाकता येणार नाही. मला तरी हा सरळसरळ रडीचा डाव वाटतो.

जुना डीएम:
असहमत. विशची हमी फक्त आठव्या लेव्हलपर्यंतचा (स्पेलची लेव्हल, पात्राची नव्हे) कुठलाही स्पेल नक्कल करायची. ट्रू रेझरेक्शन नवव्या लेव्हलचा आहे, म्हणजे तुम्ही कुंपणाबाहेर गेलात. बाहेर डीएमला मोकळीक, आणि पुस्तकातच उदाहरण आहे की व्हिलन मरावा अशी इच्छा केली तर तो मेलेला असेल अशा भविष्यकाळात तुम्हीच जाऊन पडाल. हा स्पेल फुकट कधीच नव्हता, दुसऱ्या आवृत्तीत टाकणारा ५ वर्षांनी म्हातारा व्हायचा आणि ३.५ मध्ये ५००० एक्सपी (अनुभवाचे गुण) जायचे.

धागाकर्ता:
अहो पण ताण वेगळा आणि वाकडेपणा वेगळा, तुम्ही दोन्हीची खिचडी करताय. २५,००० सोन्याच्या नाण्यांची वस्तू बनवा किंवा २० जणांचे सगळे हिट पॉइंट भरा, हे विशमध्येच दिलेल्या यादीतलं आहे, तिथे ताण बसतो पण वाकडं काही होत नाही. ताणाबद्दल माझी तक्रार नाहीच. डिसइंटिग्रेट स्वतः म्हणतो विश चालेल, मग हे पण यादीतलंच धरा की!

फासेवाला:
'विश चालेल' म्हणजे 'विनाअट चालेल' असं कुठंय? पण बाळ जरा अतीच झालं हे मान्य.

शंकेखोर:
आता कोणीतरी हिरण्यकश्यपू आणणारच, तर मीच आणतो. दिवसा नाही रात्री नाही, घरात नाही बाहेर नाही, माणूस नाही पशू नाही. नरसिंहाने त्यातला एकही शब्द मोडला नाही, सगळे पाळून मारला, असला डीएम मिळाला तर हरलेला प्लेयर पण टाळ्या वाजवेल. याउलट कुंभकर्ण. मागायचं होतं इंद्रासन, जिभेवर सरस्वती बसली आणि तोंडातून निघालं निद्रासन. तिथे मागणाऱ्याला काय हवंय ते देणाऱ्याला पक्कं माहीत होतं. तुमच्या डीएमलाही माहीत होतं ना गडी कोणत्या वयाचा हवा ते? मग हा कुंभकर्णवाला प्रकार.

जुना डीएम:
उदाहरण झकास पण अर्धवट. हिरण्यकश्यपूने जे केलं तेच प्लेयर करतात, अर्ध्या पानाचा करारनामा लिहून आणतात. आमच्याकडे एकाने विशने सिम्युलाक्रम (स्वतःचा हुबेहूब जादुई पुतळा) काढला, त्या पुतळ्याकडून परत विश टाकून घेतला, त्यातून अजून एक पुतळा, आणि ताण सगळा पुतळ्यांच्या बोडक्यावर ढकलायचा बेत. अशांना धाक नको?

शंकेखोर:
त्याला लावा की धाक, कोण नाही म्हणतंय. पण मित्र परत मागणाऱ्याला आणि पुतळ्यांचा कारखाना काढणाऱ्याला एकच माप कसं? उलट साधं एका वाक्यात मागणाऱ्याला तुम्ही ठोकलंत तर पुढच्या वेळी तोही करारनामाच आणणार.

फासेवाला:
+१. फायटरवाला स्वतः काय म्हणतोय पण?

धागाकर्ता:
तेच तर. आत्ताच विचारलं त्याला. त्याने बाळाला सांभाळणारा नवीन क्लेरिक (पुजारी पात्र) बनवलाय म्हणे, जाम खूश आहे. विझार्डवालाही काही बोलत नाहीये. मी रोग (Rogue, चोर पात्र) खेळतो, माझा यात कशातच संबंध नाही.